डब्यांचा धंदा, यूपीआयचे पैसे आणि पहिलं आयकर रिटर्न

पत्र: मी साताऱ्यात घरून पोळी-भाजीचे डबे देते. एप्रिल २०२४ मध्ये काम सुरू केलं. बरेच पैसे यूपीआयने माझ्या बचत खात्यात येतात, काही रोख मिळतात. त्याच खात्यात यजमान घरखर्चाचे पैसे टाकतात, भिशीही तिथेच आली. एका कारखान्याच्या ऑफिसला महिना २०,००० रुपयांचे डबे जातात. ते बिलातून टीडीएस (माझ्या नावाने सरकारला भरायचा कर) कापून घेतात. महिन्याला किराणा-भाजीला साधारण ६०,०००, गॅसला ७,०००, मदतीच्या दोघींना १८,००० आणि पिशव्या, रिक्षा मिळून ६,००० जातात, पण पावत्या थोड्याच आहेत. ओळखीचे एक जण म्हणतात, "लाखभर नफा दाखवू, निल रिटर्न भरू, पाचशे रुपये द्या." दोन-तीन वर्षांत घरासाठी कर्ज काढायचं आहे. कुठला फॉर्म भरू? पावत्या नाहीत म्हणून अडचण येईल का? आणि लाखभर नफा दाखवणं बरोबर आहे का? — म. ज., सातारा

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. लाखभर नफा दाखवू नका. खाली नमुन्याच्या आकड्यांनी काढला तसा तुमचा खरा नफा चार लाखांच्या पुढे आहे आणि तो पुरता दाखवला तरी तुम्हाला एक रुपयाही कर लागत नाही. खरं सांगायला खर्च शून्य असताना खोटं का सांगायचं? उलट कर्ज मागायला जाल तेव्हा बँक तुमच्या रिटर्नमधलं उत्पन्न बघूनच हप्ता किती झेपेल ते ठरवते. लाखभराच्या उत्पन्नावर घराचं कर्ज सहसा मिळत नाही.

हा लाखाचा आकडा येतो कुठून, तेही पाहू. २०२४-२५ च्या कमाईला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीमध्ये छोट्या धंद्यांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर हिशेबाच्या वह्या, ऑडिट यांत न अडकता उलाढालीच्या ठरावीक टक्के रक्कम नफा म्हणून धरता येते. बँकेतून, म्हणजे यूपीआय, एनईएफटी, खात्यात जमा होणारा चेक अशा मार्गांनी आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के. पावत्यांचा प्रश्न इथेच मिटतो. या कलमाखाली खर्च वेगळा दाखवायचाच नसतो, त्यामुळे भाजीवालीकडून पावती मिळत नाही याची चिंता सोडा.

पण लोक अर्धंच वाक्य वाचतात. कलम म्हणतं, ६ किंवा ८ टक्के, किंवा त्याहून जास्त कमावले असतील तर ती जास्त रक्कम. सहा-आठ टक्के हा खालचा उंबरठा आहे, ठरलेला नफा नाही. आणि ६ टक्के हा कराचा दरही नाही. हाही गैरसमज फार दिसतो. त्या टक्केवारीने नफा ठरतो, नफ्यात बाकीचं उत्पन्न मिळवतात आणि मग त्या बेरजेला कराचे टप्पे लागतात.

तुमची आवर्ती ठेव किंवा वर्षभरातली मोठी खरेदी रिटर्नमधल्या उत्पन्नाशी जुळायला हवी. समजा तुम्ही महिना १५,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकता, म्हणजे वर्षाला १,८०,०००. रिटर्नमध्ये कमाई लाखभर आणि बचत पावणेदोन लाखांच्या वर, हे कुणी विचारलं तर काय सांगाल?

आता खरं काम. आयकर खात्याचं पोर्टल उघडण्याआधी उलाढाल काढायची. रिटर्न भरणं हे तासाभराचं काम आहे. हा हिशेब मात्र दोन संध्याकाळी खातो आणि चुका सगळ्या इथेच होतात.

नेट-बँकिंगमधून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. पीडीएफ नको, त्यात बेरजा करता येत नाहीत. जमेच्या ओळी ठेवा, नावेच्या (खात्यातून गेलेल्या पैशांच्या) काढून टाका. शेजारी एक रिकामा रकाना घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा: धंद्याचे पैसे असतील तर 'ध', घरचे असतील तर 'घ', स्वतः भरलेली रोकड असेल तर 'र', व्याज असेल तर 'व'. ओळी शेकड्यांनी असतील, घाबरू नका. तपशिलाच्या रकान्यावर क्रम लावला की एकाच नावाच्या सगळ्या ओळी एकाखाली एक येतात आणि नेहमीची गिऱ्हाइकं एका झटक्यात रंगवून होतात. फसलेला व्यवहार होऊन परत आलेले पैसे, ऑनलाइन खरेदीचा परतावा, हेही जमेला दिसतात. त्यांना 'घ' द्या.

कळायला सोपं जावं म्हणून नमुन्याचे आकडे घेऊ. तुमचे आकडे तुम्ही त्या जागी घाला. समजा वर्षाची एकूण जमा १४,६६,७०० रुपये दिसते. त्यातून यजमानांनी घरखर्चाला टाकलेले १,८०,००० वजा, कारण नवऱ्याने बायकोला दिलेले पैसे तिचं उत्पन्न होत नाही. भिशीचे ६०,००० वजा. आपलेच भरलेले पैसे परत आले. बहिणीने उसने परत केलेले २५,००० वजा. बचत खात्याचं व्याज ३,९०० वजा, ते वेगळ्या रकान्यात जाणार आहे. आणि तुम्ही स्वतः बँकेत भरलेली १,४०,००० ची रोकड वजा.

या शेवटच्या वजाबाकीपाशी थांबा. ती रोकड डब्यांचीच आहे, मग वजा का? कारण रोख विक्री आपण तुमच्या रोजच्या वहीवरून धरणार आहोत. गिऱ्हाइकाने हातात दिले तेव्हा एकदा आणि बँकेत भरले तेव्हा पुन्हा, अशी तीच रक्कम दोनदा धरली जाते. नव्याने रिटर्न भरणाऱ्यांची उलाढाल फुगते ती बहुतेक वेळा याच कारणाने. मात्र उलट बाजूही सांभाळा. काही गिऱ्हाइकं डब्याचे पैसे यजमानांच्या नंबरवर टाकत असतील तर ती विक्री तुमचीच आहे आणि तुमच्या उलाढालीत यायला हवी.

वजाबाकी करून राहिले १०,५७,८००. पण हा आकडा अजून पुरा नाही. कारखाना २०,००० च्या बिलातून १ टक्का, म्हणजे २०० रुपये कापतो आणि खात्यात १९,८०० टाकतो. तुमची विक्री २०,००० ची आहे, १९,८०० ची नाही. वर्षभरात कापलेले २,४०० रुपये उलाढालीत परत मिळवायचे. दुसरं, मार्चचं बिल कारखान्याने एप्रिल २०२५ मध्ये दिलं असेल तर ते १९,८०० या वर्षाच्या स्टेटमेंटमध्ये नाहीतच, पण विक्री मार्चची आहे. कारखान्याने तो टीडीएस मार्चमध्येच दाखवलेला असेल तर आयकर खात्याकडे तुमची २,४०,००० ची विक्री दिसते आणि तुम्ही धरलेली २,२०,०००. अशा वेळी टीडीएस अडकतो. म्हणून तेही मिळवा. हे पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून आले असल्याने त्यांनाही ६ टक्क्यांचाच दर लागू होतो.

आता बँकेतून आलेली विक्री झाली १०,८०,०००. वहीवरून रोख विक्री समजा ४,२०,०००. उलाढाल १५,००,०००. कायद्याचा उंबरठा काढला तर ६ टक्क्यांनी ६४,८०० आणि ८ टक्क्यांनी ३३,६००, मिळून ९८,४००. तुमच्या ओळखीच्यांचा 'लाखभर' तो हाच. खरा नफा मात्र वेगळा: तुम्ही लिहिलेला खर्च महिन्याला ९१,००० होतो, वर्षाचा १०,९२,०००. पंधरा लाखांतून तो गेला की उरतात ४,०८,०००. फॉर्ममध्ये हाच आकडा टाका.

त्यात बचत खात्याचं व्याज ३,९०० आणि ठेवींचं व्याज, समजा २७,१००, मिळवू. ठेवीवर बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं, असं नाही. ठरावीक मर्यादेच्या आत बँक कापत नाही एवढंच. आवर्ती ठेवीचं व्याज हातात मुदत संपल्यावर येत असलं तरी बँक ते दर वर्षी जमा धरते आणि आयकर खात्याला कळवते, म्हणून तेही दर वर्षी दाखवत गेलेलं बरं. एकूण उत्पन्न ४,३९,०००.

नव्या करप्रणालीत २०२४-२५ साठी पहिले ३ लाख मोकळे, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के. १,३९,००० वर कर येतो ६,९५०. उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्याने कलम ८७एची सूट तो पूर्ण पुसते. कर शून्य, आणि कारखान्याने कापलेले २,४०० तुम्हाला परत. पगारदारांना मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट धंद्याच्या उत्पन्नाला नसते. शेजारच्या शिक्षिका बाईंच्या रिटर्नवर बघून ती टाकू नका. मूळ सूट ३ लाखांची आणि तुमचं उत्पन्न त्याहून जास्त, म्हणून कर शून्य असला तरी रिटर्न भरणं तुम्हाला बंधनकारक आहे.

जुनी करप्रणाली घ्यावी का? तुमच्या आकड्यांना गरज नाही. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना ती हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि पुढे एकदा नवीकडे परतलं की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. नवी प्रणाली आपोआपच लागू होते, तीच राहू द्या.

फॉर्म तुमच्यासाठी आयटीआर-४, 'सुगम'. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत, धंदा ४४एडीखाली, बाकी व्याज, एक घर, असं साधं चित्र असेल तर हा पुरतो. या वर्षात शेअर किंवा म्युच्युअल फंड वर्षाच्या आत विकून नफा झाला असेल, किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केले असतील, तर तो चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. विम्याची किंवा फंडांची एजन्सी करणाऱ्या मैत्रिणींनाही हे सांगून ठेवा: कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी लागूच होत नाही, तरी अनेक जण ते तिथे भरून टाकतात. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा व्यवसायांसाठी कलम वेगळं, ४४एडीए, आणि तिथला उंबरठा ५० टक्क्यांचा आहे.

पोर्टलवर गेलात की आधी 'प्रोफाइल' पाहा. मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. ओळखीचे लोक रिटर्न भरून देताना स्वतःचा नंबर टाकतात, मग आयकर खात्याची पत्रं त्यांनाच जातात आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. परतावा ज्या खात्यात हवा ते खातं तिथेच पडताळून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची गाडी इथे हमखास अडते: पॅन माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने, आधार कुठल्या तरी तिसऱ्याच स्पेलिंगने. नावं जुळली नाहीत की खातं पडताळलं जात नाही आणि परतावा थांबतो. पॅनवरचं नाव दुरुस्त करायचं असेल तर त्याला दिवस लागतात, म्हणून ही तपासणी आजच करा.

मग फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) आणि एआयएस (आयकर खात्याला कळलेल्या तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) उतरवून घ्या. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. २६एएसमध्ये कारखान्याचे २,४०० दिसतात का ते बघा. केटरिंग हे कलम १९४सीमध्ये येतं, वैयक्तिक पॅनवर कपात १ टक्काच हवी. तुम्ही पॅन दिला नसेल तर २० टक्के कापला गेला असेल. कापलेली रक्कम तिथे दिसतच नसेल तर कारखान्याने एक तर ती भरलेली नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरली आहे. त्यांच्या लेखा विभागाकडे टीडीएसचं विवरण दुरुस्त करायला सांगा आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागा. एआयएसमध्ये ठेवीचं व्याज तुमच्या आकड्याशी ताडून पाहा.

फॉर्ममध्ये वर्ष निवडताना 'कर आकारणी वर्ष २०२५-२६' घ्या. कमाईचं वर्ष २०२४-२५, आकारणीचं त्यापुढचं. नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं का, या प्रश्नाला 'नाही'. ४४एडीच्या तक्त्यात बँकेची विक्री १०,८०,००० आणि रोख ४,२०,००० वेगवेगळ्या रकान्यांत. त्यापुढे पोर्टल ६ आणि ८ टक्के स्वतःहून मांडतं आणि बरेच जण तिथेच पुढे सरकतात. ते आकडे बदलून वाढवता येतात. दोन्ही मिळून ४,०८,००० होतील असे टाका.

खाली ३१ मार्चची स्थिती विचारतात: किराणा दुकानाची उधारी किती द्यायची होती, शिल्लक माल, गिऱ्हाइकांकडून येणं, हातातली रोकड. इथे शून्य-शून्य भरून मोकळं व्हायचा मोह होतो, पण कारखान्याचं मार्चचं बिल येणं होतं, मग 'येणं' शून्य कसं? खरे, साधारण जुळणारे आकडे भरा.

टीडीएसच्या तक्त्यात २,४०० च्या समोर कापणाऱ्याची २,४०,००० ची रक्कम आणि उत्पन्नाचा प्रकार 'धंदा' असं यायला हवं. टीडीएस मागितला पण त्यामागचं उत्पन्न दाखवलं नाही, तर रिटर्न सदोष ठरून नोटीस येऊ शकते. ती दुरुस्त करायला १५ दिवस मिळतात.

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. ती चुकली तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं, पण पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला १,००० रुपये विलंब शुल्क लागतं, त्यावर गेलं की ५,०००. भरून झाल्यावर ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांच्या आत. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं, त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो. हे राहून गेलं तर रिटर्न भरलेलं धरतच नाहीत, आणि उशिरा केलं तर व्हेरिफाय केलेली तारीख हीच भरल्याची तारीख ठरते.

काही दिवसांनी कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येईल. तिला नोटीस समजून घाबरू नका. त्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही दिलेला आणि एक आयकर खात्याने मोजलेला. दोन्ही सारखे असतील तर काम झालं. ती सूचना आणि रिटर्न दोन्ही जपून ठेवा, बँक दोन्ही मागते.

४४एडीच्या बाबतीत पुढच्या वर्षांसाठी एक बंधन आहे. एकदा हा मार्ग घेतला की पुढची पाच वर्षं त्यावर राहायचं. मधल्या एखाद्या वर्षी ६-८ टक्क्यांहूनही कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्यापुढची पाच वर्षं ही सोय मिळत नाही आणि उत्पन्न मूळ सुटीच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतं. यंदा नफा २७ टक्के दाखवला म्हणून पुढच्या वर्षीही २७ टक्केच दाखवावा, असं मात्र नाही. भाजी महागली, मदतीला आणखी एक बाई ठेवली, तर तो खाली येईल, तसाच दाखवा.

२०२५-२६ च्या कमाईला सूट आणखी वाढली आहे: नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य. धंदा त्यापुढे वाढला आणि टीडीएस जाऊन कर १०,००० किंवा जास्त निघत असेल, तर तो आगाऊ भरावा लागतो. ४४एडीवाल्यांना चार हप्ते नाहीत, सगळा एकदम १५ मार्चपर्यंत. चुकलं तर महिना १ टक्का व्याज.

खातं मात्र आजच वेगळं करा. डब्यांसाठी दुसरं बचत किंवा चालू खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याला जोडा. घरचा पैसा त्यात येऊ देऊ नका. पुढच्या वर्षी अक्षरं लिहीत बसावं लागणार नाही आणि कर्जाच्या वेळी बँकेला धंदा एका स्टेटमेंटमध्ये दिसेल. रोख विक्रीची वही रोज रात्री लिहा, महिन्याच्या शेवटी आठवून नको.

पाचशे रुपयांत रिटर्न भरून देणाऱ्यांबद्दलही सांगतो. खोट्या वजावटी टाकून देणाऱ्यांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर मोठी तपासणी सुरू केली. अशा रिटर्नची जबाबदारी ते भरून देणाऱ्यावर ढकलून सुटता येत नाही, पॅन ज्याचा त्याचीच ती असते. उत्पन्न चुकीचं सांगून कर बुडवल्याचं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट जातो. मदत हवी असेल तर सनदी लेखापालाकडे (सीए) जा, वर काढलेला हिशेब सोबत न्या आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

जाता जाता, रिटर्नमध्ये १५ लाख उलाढाल लिहिल्यावर दोन जागा तपासा. जीएसटीची मर्यादा सेवेसाठी २० लाख आहे. केटरिंग सेवेत मोडतं, तेव्हा माल विकणाऱ्यांची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला नाही. १८-१९ लाखांपाशी आलात की आधीच सल्ला घ्या. आणि अन्न परवाना: २०२४-२५ मध्ये एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) साधी नोंदणी १२ लाखांच्या उलाढालीपर्यंतच चालत होती, त्यापुढे राज्य परवाना लागत होता. तुमच्याकडे नोंदणीच असेल तर आजची मर्यादा पाहा आणि गरज असेल तर ती बदलून घ्यायचा अर्ज करा.